कोपराखालचा हात

आमची वहिनी बोलायला लागली की भिंतीसुद्धा कंटाळतात, असं माझा भाऊ म्हणायचा. तो स्वतः मुखदुर्बळ. बघायच्या कार्यक्रमात कुणीतरी त्याला विचारलं, मुलगी पसंत आहे का, तर त्याच्या आधी तिनंच 'हो, आहे पसंत' म्हणून सांगून टाकलं, अशी गोष्ट आमच्या घरात सांगतात. सांगते अर्थात वहिनीच, तेव्हा खरी किती ते देव जाणे. भाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, त्यामुळे त्याच्या माघारी घरात आम्ही तिघी उरलो: वहिनी, तिची मुलगी आणि मी. मी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारते. माझा आवाज असा की नाव पुकारलं तर शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईकही उठून उभं राहतं. म्हणजे एका घरात दोन तोंडं अशी, आणि तिसरीच्या तोंडून शब्द नाही.

वहिनीच्या मुलीला आम्ही बाळ म्हणतो. बाळाची तिशी उलटून गेली आहे. जन्मापासून तिचे हातपाय तिचं ऐकत नाहीत. बोटं आत वळलेली, मान एका बाजूला, आणि बोलायला गेली की घशातून नुसता आवाज निघतो. सकाळी तिच्यासारख्यांच्या केंद्रात जाऊन आली की खिडकीजवळच्या चाकाच्या खुर्चीत ती बसून असते. तिला सगळं समजतं, असं वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि ऐकणारा मान हलवायचा, आयांच्या बोलण्यावर हलवतात तशी. मीही तशीच हलवायचे.

बाळाला जेवू घालणं हे वहिनीचं आयुष्याचं काम. मधल्या वेळात ती एका शिलाईच्या दुकानासाठी शर्टांना काजं करायची, बटणं लावायची, पण ते आपलं पोटापुरतं. खरी कारागिरी जेवणात. बाळाला नीट गिळता येत नाही, घाई केली की ठसका लागतो, आणि अन्न छातीत गेलं की दवाखाना. म्हणून वहिनीनं एक रीत बसवली होती. मऊ भाताची वाटी घ्यायची, समोर स्टूल ओढायचं आणि गोष्ट सुरू करायची. गोष्ट कसली, जिन्यातल्या भानगडीच. खालच्या मजल्यावरच्या आजोबांची कवळी कशी हरवली, वरच्या सुनेनं सासूला काय उलट उत्तर दिलं. ऐन रंगात आली की वहिनी थांबायची. पुढे काय झालं म्हणून बाळाचं तोंड उघडायचं, की घास आत. एका जेवणाला तास लागायचा. एवढी वर्षं पुरतील एवढ्या भानगडी आणायच्या कुठून? अर्ध्या ती मनानंच रचायची, आणि मग त्या जिनाभर पसरायच्या. त्यावरून भांडणंही झाली आहेत.

या बडबडीच्या तळाशी एकच भीती होती. ती वहिनी फक्त मला सांगायची, तेही भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून. म्हणायची, "वन्सं, माझ्यामागं हिला कोण भरवणार?" मी म्हणायचे, मी आहे ना. त्यावर ती भांडं आणखी जोरात घासायची. मी भरवायला बसले की बाळाला ठसका लागतो हे दोघींनाही ठाऊक होतं. दवाखान्यात 'पुढचा' म्हणायची सवय झालेली बाई मी. पहिला घास गिळायच्या आत माझा दुसरा तयार असतो.

आमच्या वस्तीच्या टोकाला बाळासारख्या मुलांसाठी दिवसाचं केंद्र आहे. मुलांसाठी म्हणायचं आपलं, तिथे केस पिकलेली मुलंही आहेत. त्या केंद्रात परदेशातून तरुण पोरंपोरी सेवा करायला येतात. एकदा केंद्राच्या बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, एक मुलगी येतेय, तुमच्या घरी राहिली तर बरं होईल, तिला घरपण हवंय. मी वहिनीकडे डोळे वटारून पाहिलं. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. पण वहिनीच्या तोंडून हो केव्हाच निघून गेलं होतं. तिला नवं ऐकणारं माणूस मिळणार होतं.

मुलगी आली ती पाठीवर कपाटाएवढी पिशवी घेऊन. चेहऱ्यावर ठिपके, पायात बूट पुरुषी, आणि उंची अशी की आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला पहिल्याच दिवशी कपाळ आपटलं. नाव तिनं सांगितलं. वहिनीनं ते दोनदा म्हणून पाहिलं, जीभ चावली आणि तिचं 'पाहुणी' करून टाकलं. पुढे सगळी इमारत तिला पाहुणीच म्हणायला लागली. तिला आमची भाषा येत नव्हती, पण शिकायची हौस दांडगी. हातात येईल ती वस्तू उचलायची आणि विचारायची, हे काय? वहिनीला तर आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन असं झालं. झारा म्हणजे काय हे सांगताना ती झारा कुणी आणला, तो भांडीवाला कसा लबाड होता आणि त्याच्या बायकोनं पुढे काय केलं इथपर्यंत जायची. पाहुणी ऐकत राहायची. समजायचं किती कोण जाणे, पण ऐकायची खरी.

पोरगी गुणाची होती, हे मला कबूल केलं पाहिजे. मी सहजासहजी कुणाला गुणाचं म्हणत नाही. आमच्या इमारतीत जिना धुण्याची पाळी असते. तिनं आमच्या घराची पाळी आपणहून उचलली आणि गुडघ्यावर बसून पायऱ्यांचे कोपरे असे घासले की बाकीच्या बायकांच्या पाळ्या उघड्या पडल्या. आजोबांचा गॅसचा सिलिंडर ती एका हातानं वर आणायची. गच्चीवर वाळत घातलेले कपडे वारा सुटला की कुणाचे आहेत ते न बघता सगळे गोळा करायची, आणि मग घरोघर दार वाजवून, हे तुमचं का, हे तुमचं का, विचारत फिरायची. कुणाच्या घरात काय घालतात हे त्यामुळे सगळ्या इमारतीला कळलं. कुणी रागावलं नाही. कुणाकडे पाहुणे आले की तिला बघायला बोलवायचे, मुलं तिच्या बुटात पाय घालून चालून बघायची. अशी ती घराघरांत मुरली.

आणि तिनं एक गोष्ट केली जी आम्हाला इतक्या वर्षांत सुचली नव्हती. वयानं मोठ्या बाईला नावानं हाक मारायची नाही, हे तिला कुणीतरी शिकवलं होतं. मला ती आत्या म्हणायची, वहिनीला काकू. मग तिनं बाळाचं वय विचारलं, बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, म्हणजे ही माझी ताई. त्या दिवसापासून ती बाळाला ताई म्हणू लागली. "ताई, गुड मॉर्निंग. ताई, खिडकी बंद करू?" आम्हाला हसू यायचं. बाळ मात्र हसली नाही. कपाळावरची बट बाजूला करून मोठ्या बहिणी धाकट्यांकडे बघतात तशी ती पाहुणीकडे बघायची. तिच्या चेहऱ्यावर तसलं काही आम्ही आजवर पाहिलंच नव्हतं.

पाहुणी तिकडे कसलंसं हातापायांना वळण लावायचं शिक्षण घेत होती. काही दिवस तिनं वहिनीची जेवू घालायची रीत नुसती पाहिली. मग तिनं एक चमचा घेतला, त्याच्या दांड्याला जुनं कापड गुंडाळून तो जाड केला आणि बाळाच्या वळलेल्या मुठीत बसवला. स्वतः शेजारी बसली आणि आपला तळवा बाळाच्या कोपराखाली ठेवला. तिनं आम्हाला मोडक्या भाषेत समजावलं की उचलायचं नाही आणि ढकलायचंही नाही. ताईचा हात जाईल तिकडे आपण जायचं, फक्त कोपर पडू द्यायचं नाही. आणि बोलायचं नाही. बोललं की ताईचं लक्ष मोडतं.

वहिनीला गप्प बस सांगणं म्हणजे पाण्याला वर चढ सांगण्यापैकी आहे. दोन दिवस तिनं ओठ मिटून धरले, तिसऱ्या दिवसापासून ती जेवणाच्या वेळी बाहेर जिन्यात जाऊन बसायला लागली. आत चमचा वाटीला लागायचा, कपाळाला लागायचा, भात खुर्चीत, भात केसांत. मी पाहुणीला सांगितलं की बाई गं, हे पालथ्या घड्यावर पाणी आहे, कशाला तिचा आणि तुझा छळ करतेस. ती हसली आणि सांडलेलं पुसून पुन्हा कोपराखाली हात लावून बसली. असे किती आठवडे गेले ते मला सांगता येणार नाही. एका दुपारी मी दवाखान्यातून आले तर वहिनी जिन्यात रडत बसली होती. मला वाटलं, संपलं काहीतरी. आत गेले तर बाळ जेवत होती. मुठीतला चमचा वाटीत जायचा, डुगडुगत वर यायचा, तोंडाशी थांबायचा आणि बाळ स्वतः मान पुढे करून तो तोंडात घ्यायची. ठसका नाही. तिला गोष्टही नको होती. आपल्याला केव्हा गिळायचंय हे तिचं तिला कळत होतं.

त्या दिवशी वहिनी गरम गरम जेवली. बाळ जन्मल्यापासून ती गार झालेलंच खात आली होती. जेवता जेवता म्हणाली, वन्सं, आता मी डोळे मिटायला मोकळी झाले. मरणाचं बोलत होती आणि चेहरा असा फुललेला, की मलाही गहिवरून आलं. मी म्हटलं, मिट मिट, पण आधी भांडी घास.

बाळ बदलली. गळ्याशी बांधायचं लाळेरं ती झटकून टाकायला लागली. केंद्रात सकाळच्या खाण्याला आया सगळ्यांना ओळीनं भरवत जाते, एका वाटीतून चौघांना. तिथे तिनं तोंड मिटून घेतलं. मग पाहुणी तिथेही तिच्याजवळ बसायला लागली. घरी वहिनी कधी लाडानं एखादा घास पुढे करायची, तर बाळ मान फिरवायची आणि चमच्याची मूठ वर करून दाखवायची. पाहुणी म्हणायची, ताई बरोबर आहे, ती मोठी आहे. वहिनीही कौतुकानं सगळ्यांना सांगत सुटली, की आमची बाळ आता आमच्या हातचं खात नाही. ते ऐकून इमारतीतल्या बायका बघायला यायच्या.

आता आमची चूक सांगते. आम्हीच करू जाणे अशी ती होती. पाहुणी सारखी म्हणायची, काकू, या, तुम्ही हात धरा. वहिनी म्हणायची, तू आहेस ना गं, तुझं यश आहे, तुझ्याच हातून होऊ दे. पाहुण्याच्या हातातलं काम आपण काढून घेणं तिला बरं दिसत नव्हतं. हे झालं सांगायचं कारण. दुसरं कारण मला फार उशिरा कळलं. शिलाईच्या दुकानातून काही शर्ट परत आले होते, काजं वाकडी म्हणून. वहिनी म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढलाय. मी चष्मा बदलून दिला. तरी शर्ट परत यायचे.

आणि दुसरी गोष्ट, पाहुणी जाणार कधी हे आम्ही विचारलंच नाही. केंद्राच्या बाई 'राहील काही महिने' एवढंच म्हणाल्या होत्या. पाहुण्याला कधी जाणार विचारायचं म्हणजे त्याच्या चपला दारात नेऊन ठेवायच्या. ते आमच्यानं होण्यासारखं नव्हतं. त्या बिचारीला वाटत होतं की आम्हाला तारीख माहीत आहे आणि माहीत असूनही आम्ही शांत आहोत. एका सकाळी ती गच्चीवर तिची ती मोठी पिशवी धूत होती. वहिनीनं विचारलं, मळली का गं? ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात विमान आहे. वहिनी हातातली बादली खाली ठेवून तिथेच बसली.

मग पाहुणीनं घाईघाईनं आम्हाला शिकवायला घेतलं. वहिनी म्हणाली, मला येतं, बघून बघून शिकले मी, तू वन्संना शिकव. मी बसले. मी कोपराखाली हात लावला की बाळ घशातून गुरगुरायची. पाहुणी म्हणाली, आत्या, तुम्ही ओढता. मी ओढत होतेच. चमचा तोंडापाशी थांबला की माझा तळवा आपोआप वर जायचा, आणि भात नाकात. रोज बसले, जमलं नाही. जाताना जिना माणसांनी भरला होता, आजोबा काठी टेकत खालपर्यंत गेले. पाहुणी बाळाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. बाळानं वळलेली मूठ तिच्या केसांवर ठेवली. मोठी होती ना ती.

त्याच दिवशी दुपारी वहिनी बाळाशेजारी बसली, कोपराखाली हात लावला, आणि मला दिसलं. तिचा हात थरथरत होता. नुसता नाही, मनगटापासून बोटांपर्यंत थडथड उडत होता. ती थरथर कोपरातून वर चढून चमच्यात गेली आणि चमचा रिकामा झाला. दुसरा चमचा, तिसरा. मी विचारलं, हे केव्हापासून? म्हणाली, झालं असेल वर्ष. एवढी बोलकी बाई, सगळ्या इमारतीच्या भानगडी चव्हाट्यावर मांडणारी, आणि स्वतःचा हात तिनं शर्टाखाली झाकून ठेवला होता. मला तिचा इतका राग आला की मी उठून गॅलरीत गेले.

बरं, मग पूर्वीसारखं भरवावं, तर ते संपलं होतं. वहिनीनं वाटी घेतली, स्टूल ओढलं, गोष्ट सुरू केली. बाळ तोंड मिटून बघत राहिली. भानगड रंगली, वहिनी थांबली, तोंड उघडलं नाही. मूठ वर करून ती चमचा मागायची. चमचा दिला की कोपराखाली हात मागायची. हात दिला की थरथर. आणि तरी ती खायचा प्रयत्न करायची, हे बघवत नव्हतं. अर्ध्या तासात दोन घास पोटात, बाकी अंगावर. मग दमून मान टाकायची. कालचा गोंधळ बरा होता म्हणतात, ते आमच्या घरात त्या दिवसांत मी रोज मनात म्हणायचे. कुणाला उद्देशून म्हणायचं ते कळत नव्हतं. पाहुणीनं वाईट काय केलं होतं? एका बाईला बाईसारखं जेवायला शिकवलं, एवढंच.

मी सुताराकडून कोपर टेकवायला लाकडी टेकू करून आणला, वर उशी ठोकली. टेकूवर कोपर राहतं पण हलत नाही, आणि हललं नाही तर चमचा वर येत नाही. जिवंत हातच हवा होता, आणि तो शांत हवा होता. वरची सून दोन दिवस आली. तिसऱ्या दिवशी तिची मुलं आजारी पडली. केंद्राच्या बाईंना मी भेटले. त्या म्हणाल्या, आमच्याकडे दोन आया आणि एवढी मुलं, एकेकीजवळ तासभर कोण बसणार? नवीन सेवक आले आहेत, त्यांना सांगून बघते. नवीन दोन मुलगे होते. ते भिंतीवर फुलपाखरं रंगवत होते आणि दोन आठवड्यांत परत जाणार होते. त्याच भिंतीवर बाळाचा एक मोठा फोटो लावला होता. चमचा तोंडाशी, मान ताठ, डोळ्यांत चमक. खाली लिहिलं होतं की सेवेनं काय घडू शकतं. कोपराखालचा हात मात्र फोटोतून कापला गेला होता.

पाहुणी फोन करायची, चेहरा दिसणारा. पहिल्यांदा बाळानं तो चेहरा पाहिला आणि लगेच मूठ वर केली. वहिनीनं चटकन फोन आपल्याकडे वळवला. पाहुणीनं विचारलं, ताई जेवते ना, स्वतःच्या हातानं? वहिनी म्हणाली, जेवते की, मला विचारत पण नाही. पाहुणी इतकी खूश झाली की तिनं तिच्या आईला बोलावून आणलं, आणि ती परकी बाई तिकडून वहिनीला हात जोडू लागली. वहिनीनंही जोडले, आणि लगेच खाली घेतले, दिसू नयेत म्हणून.

फोन ठेवल्यावर मी फुटले. म्हटलं, मी सांगणार तिला. काय करून गेलीस ते बघ म्हणावं. वहिनी हळू आवाजात म्हणाली, "ती येईल का परत? तिचं शिक्षण आहे, तिची माणसं आहेत. आली तरी किती दिवस? मग तिच्या घासात कशाला खडा टाकायचा, वन्सं? आपल्या घरी राहून गेलेली पोर आहे."

मी म्हटलं, "आणि आपल्या पोरीचं काय?"

"आपल्या पोरीचं आपण बघू."

बघत तर होतोच. बाळाची गालफडं बसली, खुर्चीत तिला आधाराला उशी लागायला लागली. दुकानाचं काम सुटलं, ते मालकानंच बंद केलं. वहिनी बोलायची कमी झाली. इमारतीत आता काही घडतंच नाही असं बायका म्हणायच्या. मी दोघींना घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेले. तिथे नावं पुकारणारी मी, त्या दिवशी आमचं नाव न पुकारताच दोघींना आत घेऊन गेले. डॉक्टरांनी आधी वहिनीचा हात पाहिला. औषधानं कंप थोडा कमी होईल म्हणाले, बरा होणार नाही, वाढेल. मग बाळाचं वजन केलं आणि म्हणाले, अंगात काही उरलेलं नाही, आठवड्यात खायला लागली नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. ती ओढून काढेल म्हणून हात बांधावे लागतील, हेही त्यांनी सांगितलं. हे सगळं बाळासमोर चाललं होतं. मी डॉक्टरांना खूण केली, तर म्हणाले, तिला काय कळतंय.

तो आठवडा कसा गेला ते सांगत नाही. औषधानं हात थोडा शांत झाला, तो चमच्यापुरता पुरेसा नव्हता. शेवटच्या दिवशी मी रजा घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नळीसाठी जायचं ठरलं होतं, बाळाचे कपडे मी पिशवीत भरत होते. वहिनी दुपारची वाटी घेऊन आली. स्टूलवर बसली. गोष्ट नाही, काही नाही. मुठीत चमचा दिला आणि कोपराखाली हात लावला. चमचा डुगडुगला, भात मांडीवर पडला. पुन्हा भरला, पुन्हा पडला. वहिनीनं दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट घट्ट धरलं, तर दोन्ही हात उडायला लागले. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि खालचा ओठ ती चावत होती.

बाळ चमच्याकडे बघतच नव्हती. ती आईच्या हातांकडे बघत होती. खूप वेळ बघितलं. मग तिनं मूठ सोडली. तिच्या मुठीला सुटायलाही कष्ट पडतात, एकेक बोट उघडावं लागतं. चमचा मांडीवर पडला. तो तिनं मुठीच्या पाठीनं आईच्या बाजूला सरकवला, मान मागे टेकली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

मी पिशवी टाकून ओरडले. म्हटलं, भरव, वहिनी, भरव लवकर. वहिनीनं भरवलं. तोंड उघडं असलं की थरथरता हातही कसाबसा पोचतो, थोडं ओठांवर सांडतं एवढंच. बाळानं सगळी वाटी खाल्ली. एकदाही डोळे उघडले नाहीत, मूठ वर केली नाही. मी जिन्यात धावले, आजोबांना सांगितलं, वरच्या सुनेला सांगितलं, डॉक्टरांना फोन केला की नळी नको. बायका दारात गोळा झाल्या. कुणी म्हणालं, आईची माया ती आईचीच, शेवटी लेकरू आईकडेच वळतं. मलाही ते पटलं. इतक्या दिवसांनी मला भूक लागली होती.

स्वयंपाकघरात आले तर वहिनी वाटी हातात तशीच घेऊन ओट्याला धरून उभी होती. मी म्हटलं, आता रडतेस कशाला, जेवली ना पोर.

वहिनी म्हणाली, "तिला भूक लागली म्हणून नाही जेवली ती. माझे हात बघत होती. कीव आली तिला माझी."

मी म्हटलं, काहीतरीच बोलतेस, तिला काय एवढं कळतंय. म्हटलं आणि माझीच जीभ अडखळली.

"सगळं कळतं तिला. मी सांगायचे तर तुम्ही माना हलवायचात." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझ्यासाठी उघडलं तोंड. माझे हाल तिला बघवेनात म्हणून. मग मी गेले की ही कुणाची कीव करून जेवणार, वन्सं? सांगा मला."

मी तिच्या हातातून वाटी घेतली, विसळली आणि पालथी घातली.